राखीव डब्यातले तेवीस दाणे

१

साहेबांनी डब्याचं लाखेचं सील फोडलं, झाकण काढलं आणि आतला गहू पांढऱ्या कागदावर ओतला. मग टेबलाभोवतीच्या तिघांनी त्यातून लांबट, काळपट दाणे वेचून एका काचेच्या बशीत टाकले. तेवीस भरले.

"ब्रोम," साहेब म्हणाले. "तेवीस दाणे ब्रोम गवताचे. आणि दाखल्यावर तुम्ही काय लिहिलंय, बाई? शून्य."

बाई टेबलापासून चार हात लांब उभ्या होत्या. त्यांना जवळ येऊ दिलं नव्हतं. बियाणं तपासणाऱ्या या प्रयोगशाळेत त्यांची एकतीस वर्षं भिंगाखाली दाणे बघण्यात गेली होती, आणि सगळे त्यांना भिंगबाई म्हणत. गव्हाचं बियाणं विकायला निघालं की त्याचा नमुना त्यांच्याकडे यायचा. अर्धा नमुना त्या दाणा न् दाणा तपासायच्या. उरलेला अर्धा डब्यात घालून, वर लाख ओतून कपाटात ठेवला जायचा. पुढे कधी तक्रार आलीच तर हा राखीव डबा उघडायचा, असा नियम होता.

तक्रार आली होती. त्यांच्या सहीनं पास झालेलं बियाणं पेरलेल्या शेतांत गव्हापेक्षा ब्रोमच जास्त माजला होता.

"मी तपासलं तेव्हा एकही नव्हता," भिंगबाई म्हणाल्या.

"होतं काय, वयोमानानुसार नजर..." साहेबांनी वाक्य अर्धंच सोडलं. अर्धं सोडल्यानं ते जास्त लागलं. "तसं मी फाइलवर लिहिलंय. परवा समिती येतेय. तुम्ही आजारपणाची रजा टाका, म्हणजे सगळ्यांचीच सोय होईल."

एक दाणा नजरेतून सुटतो. फार तर दोन. तेवीस सुटायला माणूस आंधळा हवा, नाही तर बेइमान. आपण दोन्ही नाही हे भिंगबाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे ते दाणे डब्यात नंतर आले होते. कुणीतरी घातले होते.

"दाणे मला बघायला मिळायला हवेत. नियमच आहे तसा."

"उद्या. माझ्यासमोर. दहा मिनिटं," साहेब म्हणाले आणि त्यांनी बशी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

२

बाहेरच्या बाकावर तक्रार करणारी शेतकरीण बसली होती. मांडीवर बियाण्याच्या पोत्यात गुंडाळलेला गवताचा भारा होता, आणि सकाळपासून ती तो कुणाच्याही ताब्यात द्यायला तयार नव्हती.

"सही करणाऱ्या बाई त्या तुम्हीच का?" तिनं विचारलं.

"मीच."

"मग बघा तुमच्या सहीनं काय उगवलंय ते." तिनं भारा भिंगबाईंच्या पायापाशी टाकला. "नऊ पोती नेली आम्ही पाच घरांनी मिळून. आता गहू कुठला आणि हे कुठलं, कापणाऱ्याला कळणार नाही. पीठ कडू होईल म्हणून गिरणीवाला आत्ताच नाही म्हणतोय. तुम्हाला झोप कशी लागते?"

शेतकरणीचा राग खरा होता, फक्त पत्ता चुकला होता. भिंगबाई खाली बसल्या आणि त्यांनी एक काडी सोडवून घेतली. खोडाला वेढणारी पानाची नळी गुळगुळीत, जवळजवळ बिनकेसाची. वर मोकळा तुरा, कणसं भरलेली आणि एका बाजूला कललेली. पिकत आलेल्या दाण्यांच्या कडा आत वळून गुंडाळल्या गेल्या होत्या, म्हणून दाण्यादाण्यामध्ये फट पडून आतली बारीक काडी दिसत होती. कुसळ जवळपास नाहीच, असलं तर आखूड आणि नागमोडी.

"गुंडाळ्या," त्या पुटपुटल्या. त्यांनी प्रत्येक ब्रोमला आपलं असं एक नाव ठेवलं होतं. हा गव्हाचा जुना वैरी. दाणा गव्हाच्याच वजनाचा, म्हणून यंत्राच्या चाळणीतून गव्हाबरोबर सरळ खाली उतरतो.

"शेतात आधीपासून असेल, असं तुमचे साहेब म्हणतात," शेतकरीण म्हणाली. "म्हणून पोत्याच्या शिवणीत अडकलेलं वाटीभर बियाणं मी झटकून आणलं. त्यातही हेच आहे. मागच्या आठवड्यातच दिलंय तुमच्या त्या पोरीकडे."

ती पोरगी म्हणजे भिंगबाईंची भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. सहा वर्षांपूर्वी प्रयोगशाळेच्या आतल्या खोलीत मावशीच्या शेजारी बसून ती भिंग धरायला शिकली होती. तक्रारीच्या नमुन्याचं वर्णन लिहायचं काम तिच्याकडेच होतं, आणि तिनं ते चोख लिहिलं होतं. 'कडा आत गुंडाळलेल्या, कुसळ आखूड किंवा नाही,' असे शब्द होते. तिच्या टेबलावर ती वाटी अजून तशीच उघडी होती.

भिंगबाईंनी रिकामं पोतं झटकून हातात घेतलं. घट्ट विणीचं, कोरं. तोंडाशी नमुना घेतल्याचा बिल्ला शिवलेला, त्यावर नमुनेवाल्याची सही. ती सहीसुद्धा घरातलीच होती. गोदामांतून नमुने काढून आणणारा हा नमुनेवाला म्हणजे भाचीचा नवरा.

"बाकीची पोती आहेत?"

"आठही आहेत. का?"

"परवा सगळी घेऊन या," भिंगबाई म्हणाल्या. "आणि कुणी मागितली तरी देऊ नका."

३

दुसऱ्या दिवशी साहेबांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं.

भिंगबाईंना दोनच पुरली. पहिल्या दाण्यालाच त्यांचा हात थांबला. हा गुंडाळ्या नव्हता. हा दाणा अरुंद, लांब, खरखरीत होता, कडा सपाट, आणि टोकाला जाड कुसळाचा बुंधा. रस्त्याकडेला आणि भिंतीलगत वाढणारा, चालणाऱ्याच्या मोज्यात घुसून बसणारा ब्रोम. त्यांच्या भाषेत झोंब्या. याचं कुसळ दाण्याहून लांब असतं. असला दाणा बियाणं साफ करणाऱ्या यंत्रात गेला तर चाळणीवरच अडकून बसतो. तेवीसच्या तेवीस दाणे झोंब्याचे होते.

"साहेब, शेतातलं गवत वेगळं आणि डब्यातलं वेगळं."

"ब्रोम तो ब्रोम," साहेब म्हणाले. "समितीला बारकावे सांगून काय होणार? सात मिनिटं राहिली."

भिंगबाईंनी ओठ आवळले आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला. कुसळं गेली कुठे? आपोआप तुटलेलं कुसळ तिरकं मोडतं, टोकाला धागे सुटतात. ही टोकं सरळ होती. कात्रीनं कापलेली, आणि सगळी सारख्या मापाची, नखाएवढा बुंधा ठेवून. त्यांनी बशी नाकाशी नेली. गव्हाचा वास यायला हवा होता. आला तो डांबरगोळीचा.

कीड लागू नये म्हणून डांबरगोळ्या ठेवलेलं एकच कपाट या इमारतीत होतं, आणि झोंब्याची कुसळं नखाएवढी ठेवून कापणारं माणूसही एकच होतं. दाणे आखूड नळीत मावावेत म्हणून अकरा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हातानं ती कापली होती.

डब्यातले दाणे भिंगबाईंच्याच संग्रहातले होते.

४

संग्रहाचं कपाट त्यांच्या टेबलामागे होतं. आत करंगळीएवढ्या काचेच्या चारशे नळ्या, प्रत्येकीत ओळख पटवण्यासाठी ठेवलेलं एकेका रानगवताचं बी. नळ्यांवर नावं नव्हती, फक्त नंबर होते. नावांची वही भिंगबाईंच्या डोक्यात होती आणि भाचीच्या.

एकशे सतरा नंबरच्या नळीत तळाशी तीन दाणे उरले होते.

समितीला हे दाखवलं की खेळ खलास. बाईंनीच आपल्या कपाटातून काढून घातले, का घातले कोण जाणे, म्हातारपणी डोकं फिरलं असेल, असं म्हणायला साहेब मोकळे. भिंगबाईंनी नळी जागेवर ठेवली आणि त्या साहेबांच्या खोलीत गेल्या.

"लाखेवर उठवायचा पितळी शिक्का कुठे असतो?"

"माझ्या ड्रॉवरमध्ये. कुलूप नाही हे तुम्हाला माहीत आहे. आत येणारी माणसं तीन. मी, तुम्ही आणि तुमची भाची. मी घातले म्हणायचंय का तुम्हाला?" साहेबांचा आवाज चढला. "मला तुमची जागा रिकामी हवी आहे, लपवत नाही. पण त्यासाठी मी गवत वेचत बसणार नाही."

"मग जरा मदत करा. संग्रहातून झोंब्याची नळी काढून द्या. समितीला दाखवायची आहे."

साहेब तणतणत कपाटापाशी आले. त्यांनी आधी डाळींच्या वर्गातल्या तणांचा कप्पा ओढला, मग भाज्यांचा. "नळ्यांवर नावं का लिहीत नाही तुम्ही लोक?" असं म्हणून त्यांनी कप्पा आदळला आणि निघून गेले. भिंगबाईंना हवं होतं ते मिळालं. या माणसाला वर्षभरात ती नळी सापडली नसती.

दुपारी नमुनेवाला आला. गोदामांत फिरणारा माणूस, आतल्या खोलीत त्याला प्रवेश नव्हता, म्हणून तो दारातच उभा राहिला.

"मावशी, फार वाईट वाटतंय. पण तुम्ही जास्त ताणू नका. चूक कुणाच्याही हातून होते."

"जावईबापू, या बियाण्याची पोती किती होती?"

"बारा. लहान रास होती, म्हणून बाराच्या बारा पोत्यांत टोकदार लोखंडी नळी खुपसून नमुना काढला. अर्जावर लिहिलंय तसं."

"तुम्ही स्वतः?"

"मीच. का हो?" तो हसला. हसू ओठांपलीकडे गेलं नाही. "तसंही मी थोडेच दिवस आहे इथे. त्या बियाण्याच्या कंपनीत गोदामाचा व्यवस्थापक म्हणून बोलावलंय मला."

"अभिनंदन," भिंगबाई म्हणाल्या.

५

भाची हात धूत होती. भिंगबाईंनी दार लावून घेतलं.

"तुझ्या टेबलावर वाटीभर गुंडाळ्या उघडा पडलाय. ज्याला डब्यात ब्रोम घालायचा होता, त्यानं त्यातून मूठभर उचलला असता. शेतातला आणि डब्यातला जुळला असता, आणि मला कुणीच वाचवलं नसतं. मग हा माणूस माझ्या कपाटापर्यंत का गेला? चारशे नळ्यांतून नेमकी एकशे सतरा का काढली?"

भाची नळ बंद करायला विसरली.

"चुकून काढली म्हणावं, तर तू गुंडाळ्याचं वर्णन इतकं नेटकं लिहिलंयस की मला एक शब्द बदलावा लागला नाही. तुला दोन्ही ब्रोम डोळे मिटून कळतात. तू मुद्दाम चुकीचा घातलास."

भाचीनं ओले हात रुमालाला पुसले.

"तो म्हणाला, राखीव डबा स्वच्छ निघाला तर मी तुरुंगात जाईन," भाची अखेर म्हणाली. "डबा स्वच्छ असेल तर घोटाळा नमुन्यात झालाय हे उघडच होतं ना. वाटीतलं बी घाल म्हणाला. रोज म्हणायचा. जेवताना, झोपताना. शेवटी मी घातलं. पण वाटीतलं नाही घातलं. मला वाटलं, तू बघशील. तुला बघताक्षणी कळेल. मग मला काही बोलावंच लागणार नाही."

"तोंड आहे ना तुला?" भिंगबाईंचा आवाज फाटला. "सहा वर्षं माझ्या ताटात जेवलीस. समोर येऊन म्हणायचंस, मावशी, असं असं आहे. गवताच्या दाण्यांनी कोडं घालतेस मला? माझं नाव चव्हाट्यावर टांगून?"

"तो माझा नवरा आहे, मावशी."

"आणि मी कोण आहे?"

भिंगबाईंनी पुढे होऊन नळ बंद केला.

"उद्या मी सगळं सांगणार. नळीचं सांगेन, कात्रीचं सांगेन. तुझं नाव मात्र मी घेणार नाही. ते तू घ्यायचंस. नाही घेतलंस तर लोक माझ्याकडेच बोट दाखवतील, आणि मी ते दाखवू देईन. बघू, किती वेळ बघत बसतेस ते."

६

समितीत दोघं होते. एक टक्कल पडलेले अधिकारी आणि एक चष्मेवाल्या बाई. समोर साहेब, नमुनेवाला, भाची. शेतकरीण नऊ पोत्यांचा गठ्ठा घेऊन भिंतीशी उभी होती. खुर्ची दिली तरी ती बसली नाही.

भिंगबाईंनी दोन बशा शेजारी शेजारी ठेवल्या आणि भिंग पुढे केलं. "आधी बघा. मग बोलू."

चष्मेवाल्या बाईंनी बराच वेळ पाहिलं. "हे दोन वेगळे आहेत."

"शेतकरणीच्या पोत्यातला गुंडाळलेल्या कडांचा. राखीव डब्यातला लांब कुसळाचा, कुसळ कात्रीनं कापलेलं. पेरला तो डब्यात नाही, आणि डब्यातला शेतात एकही उगवलेला नाही. मग डब्यातले तेवीस दाणे त्या बियाण्यातले असतीलच कसे? ते माझ्या टेबलामागच्या कपाटातले आहेत. नळी एकशे सतरा. वास घेऊन बघा."

"तुमच्याच कपाटातले?" साहेब खुर्चीत पुढे सरकले. "ऐकलंत ना? बाई स्वतःच कबूल करतायत."

"कपाट माझं आहे, एवढंच कबूल करतेय. ते दाणे काढून घ्या, की खाली उरतो तो स्वच्छ गहू. म्हणजे माझ्याकडे आलेला नमुना स्वच्छ होता. मग शेतकरणीच्या पोत्यांत ब्रोम आला कुठून?" भिंगबाई वळल्या. "बाई, पोती पसरा."

शेतकरणीनं एकेक पोतं टेबलावर आपटलं. प्रत्येकाच्या तोंडाशी सहीचा बिल्ला होता.

"नमुना काढायची टोकदार नळी पोत्यात खुपसली की विणीतले धागे बाजूला सरतात. पोतं कितीही झटका, ती जागा सैलच राहते. बाराही पोत्यांत नळी खुपसली असं अर्जावर आहे, आणि काल जावईबापूंनी मला तोंडानंही तेच सांगितलं. यातली नऊ तुमच्यासमोर आहेत. एकाचीही वीण सरकलेली दाखवा मला."

टक्कलवाल्या अधिकाऱ्यांनी पोती खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. एक, दोन, पाच, नऊ. घट्ट, कोरी.

"या पोत्यांना नळी लागलेलीच नाही. नमुना दुसऱ्याच चांगल्या राशीतून घेतला आणि सह्या केलेले बिल्ले कंपनीला देऊन टाकले. त्यांनी ते कचऱ्याच्या पोत्यांवर शिवले."

नमुनेवाला उठला. "हे सगळं तर्कट आहे. बाईंचं नाव जातंय म्हणून घरच्या माणसावर ढकलतायत. डब्यात दाणे कुणी घातले ते सांगा आधी. मी त्या खोलीत कधी गेलोय का?"

"नाही गेलात," भिंगबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

साहेबांनी एकदा घसा खाकरला. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "मग कुणी घातले, बाई? आम्हाला लिहावं लागेल." भिंगबाई समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. नमुनेवाला बायकोकडे बघत होता. अगदी थोडं, पण मान नकारार्थी हलवत होता.

लिहिण्यासाठी अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं तेव्हा भाची उभी राहिली.

"मी घातले. शिक्का मीच उठवला." मग नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली, "त्यानं सांगितलं म्हणून. बिल्ले त्यानं घरी बसून सह्या करून दिले. मी पाहिलंय."

"गप्प बस," नमुनेवाला म्हणाला. पण शेतकरीण केव्हाची दारात जाऊन उभी राहिली होती, आणि तिच्याकडे पाहून तो परत खुर्चीत बसला.

संध्याकाळपर्यंत कागद झाले. कंपनीच्या गोदामाला सील लागलं, नमुनेवाला पोलिसांच्या गाडीत बसला, भाचीच्या हातात निलंबनाचं पत्र पडलं. साहेब भिंगबाईंना म्हणाले, "झालं गेलं विसरा, थोडा गैरसमज झाला."

"गैरसमज फाइलवर आहे," भिंगबाई म्हणाल्या. "तुमच्या हातानं खोडा. मी उभी आहे."

साहेबांनी खोडलं. एका रेघेतून शब्द दिसत होते, म्हणून भिंगबाईंनी दुसरी रेघ मारायला लावली.

७

ब्रोमचे दाणे पिकून खाली सांडले की पुढच्या हंगामातही जमीन सोडत नाहीत. भिंगबाईंनी शेतकरणीला सांगितलं होतं, आठवडाभरात उपटलं तर निदान पुढचा गहू वाचेल. सुट्टीच्या दिवशी त्या स्वतःच गेल्या. पाचही घरची माणसं शेतात उतरली होती.

थोड्या वेळानं भाची आली. कुणी बोलावलं नव्हतं. तिनं चपला बांधावर काढल्या आणि मावशीच्या शेजारची ओळ धरली. तासभर दोघी वाकून, न बोलता गुंडाळ्या उपटत राहिल्या. भाचीच्या भाऱ्यात गव्हाची एकही काडी नव्हती, हे भिंगबाईंनी पाहिलं, आणि त्यानंही त्यांना रागच आला. इतका नेमका हात, इतकी स्वच्छ नजर.

"एक विचारते," त्या मान वर न करता म्हणाल्या. "मला ओळखू आलं नसतं तर? त्या दिवशी दहा मिनिटंही मिळाली नसती तर?"

भाचीचा हात खोडावर थांबला. खोटं सांगणं सोपं होतं.

"तर मी गप्प बसले असते, मावशी."

भिंगबाईंनी पुढचं रोप मुळाशी धरलं आणि जोर लावून उपटलं. मातीचं ढेकूळ त्यांनी पायावर आपटून झाडलं.

"ओळ सोडू नकोस," त्या म्हणाल्या. "तिकडे डावीकडे दोन राहिलेत."